बिनलेपाची जाळी

आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि धाकटी आठ. वडील आधीच नव्हते. ताईनं शाळा सोडली, आईचं शिवणयंत्र उजेडाला ओढून घेतलं आणि पुढची चौदा वर्षं लोकांचे कपडे शिवून धाकटीला शिकवलं. त्या चौदा वर्षांत तिनं स्वतःसाठी दोनच गोष्टी केल्या. एक चष्मा, कारण त्याशिवाय सुईत दोरा जाईना. आणि दुसरी लग्न, तेही उशिरा, धाकटी विद्यापीठात मार्गी लागल्यावर.

नवरा बॅटऱ्यांच्या कारखान्यात होता. गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या, कसल्या कसल्या जुन्या बॅटऱ्या तिथे ट्रक भरभरून यायच्या. त्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं, त्याच्या विटा पाडायच्या आणि त्या नव्या बॅटऱ्यांसाठी पाठवायच्या, हा तिथला धंदा. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या घरांची एक रांग होती. चोवीस घरं, एकाला एक चिकटलेली, प्रत्येकाला पुढे दार आणि मागे एक खिडकी. खिडकी नेमकी धुराड्याकडे. ताईचं घर अकरावं.

मुलगी झाली त्याच आठवड्यात ताईनं खिडकीचा बंदोबस्त केला. जुनी चादर दुहेरी शिवली, खालच्या दुमडीत लोखंडी सळई घातली आणि ती खिडकीवर टांगली. दिवसातून तीनदा ती भिजवायची. रोज पिळली की बादलीतलं पाणी शाईसारखं व्हायचं. घरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागायचा. नवऱ्यालाही तिनं नियम घालून दिला होता : कामाचे कपडे बाहेर काढायचे, मोरीत आंघोळ करायची, मग उंबरा ओलांडायचा.

"या घरात दोघांना मज्जाव आहे," भाऊजी धाकटीला सांगायचे, "एक सूर्य आणि दुसरा मी."

मुलीला सगळे मुंगी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. चार वर्षांची होईतो तिला वीसपर्यंत आकडे, रांगेतल्या सगळ्या घरांतल्या माणसांची नावं आणि भाऊजींच्या निम्म्या शिव्या पाठ होत्या.

धाकटी तेव्हा विद्यापीठात पीएचडी करत होती. बारीक छिद्रांचा एक लेप तयार करायचा, तो खिडकीच्या साध्या जाळीवर चढवायचा आणि त्यानं हवेतली शिशाची धूळ धरून ठेवायची, असं तिचं काम. साडेतीन वर्षं ती पूड कुटत होती, भट्टीत भाजत होती, जाळीवर चढवत होती आणि लेपाचे पोपडे सुटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. शेवटी लेप टिकला. प्रयोगशाळेतल्या पेटीत त्यानं दहांतले आठ भाग धूळ धरली. आता लोकांच्या घरात तो किती धरतो, एवढंच दाखवायचं राहिलं होतं.

तिच्या गाईडला विद्यार्थी पाठीमागे गोड सर म्हणत. त्यांचा आवाज कधी चढत नसे. विद्यार्थ्याचं वर्ष वाया गेल्याचं ते अशा मायेनं सांगत की विद्यार्थी आभार मानूनच खोलीबाहेर पडे.

"घरं कुठली घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"माझी ताई राहते ती रांग आहे, सर. भट्टीच्या मागेच. लोक ओळखीचे आहेत, नाही म्हणणार नाहीत."

"वा," सर म्हणाले, "तू तर घरातूनच विज्ञान आणलंस."

प्रयोग असा ठरला. चोवीसपैकी बारा घरांना लेपाची जाळी, बारांना बिनलेपाची. दिसायला सारखीच. कुणाला कुठली ते संगणक ठरवणार आणि यादी फक्त सरांकडे राहणार, म्हणजे लोकांना कळणार नाही आणि बसवणाऱ्यालाही नाही. प्रत्येक घरात हवा मोजणारी एक डबी. डबीतली चकती दर पंधरा दिवसांनी काढून तिच्यावर किती शिसं बसलं ते पाहायचं. सुरुवातीला आणि शेवटी लहान मुलांच्या रक्ताची तपासणी. मुदत चार महिने. त्यानंतर सगळ्यांनाच लेपाची जाळी. आणि एक अट : खिडकीवर दुसरं काही नको. पडदा नको, पुठ्ठा नको, ओलं फडकं तर अजिबात नको. नाहीतर धूळ जाळीनं धरली की फडक्यानं, हे कळणार कसं?

हे सगळं संमतीपत्रात लिहिलेलं होतं. सहा पानं. बिनलेपाच्या जाळीची गोष्ट तिसऱ्या पानावर, सातव्या ओळीत. धाकटी ते कागद घेऊन ताईकडे गेली तेव्हा ताई एका कोटाच्या बाहीला अस्तर लावत होती.

"वाच एकदा," धाकटी म्हणाली.

"तूच लिहिलंयस ना?"

"हो. म्हणजे सरांनी आणि मी."

"मग मी काय वाचायचं त्यात?" ताईनं दातानं दोरा तोडला, कागद मांडीवर घेतले आणि सहा ठिकाणी सह्या केल्या. मग रांगेतल्या ज्या बायका का-कू करत होत्या त्यांच्याकडे ती स्वतः गेली. "माझ्या बहिणीनं बनवलंय," ती प्रत्येक दारात म्हणाली. "करा सही." चोवीसच्या चोवीस घरांनी केली.

जाळ्या बसवायचं काम धाकटीकडेच आलं. बसवणाऱ्या दोघांपैकी एकाला ताप आला आणि दुसऱ्याला सरांनी दुसरीकडे धाडलं होतं. खरं तर जिनं लेप बनवला तिनं जाळी बसवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. साडेतीन वर्षं तो लेप तिच्या नखांत होता. तिरप्या उजेडात त्याच्यावर निळसर झाक यायची, कबुतराच्या मानेवर येते तशी. दोन दिवस धूळ बसली की झाक जायची. पण नवी जाळी उलगडताना ती हमखास दिसायची. आठव्या घरात दिसली. नवव्या घरात नाही. दहाव्यात दिसली. अकराव्या घरात ती ताईच्या स्टुलावर चढली, अकरा आकडा चिकटवलेली गुंडाळी उलगडली, उजेडाला तिरपी धरली आणि तशीच धरून राहिली.

जाळी साधी होती. बाजारात मीटरवर मिळते ती.

"काय गं?" ताईनं खालून विचारलं. तिनं चादर काढून ठेवली होती. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत ऊन आलं होतं आणि मुंगी जमिनीवरच्या उजेडाच्या चौकोनात उड्या मारत होती.

धाकटीच्या पिशवीत लेपाच्या जाळीचा एक जास्तीचा तुकडा होता. अगदी मापाचा नव्हता, पण बसला असता. तिनं पिशवीकडे पाहिलं. मग तिच्या मनात आलं, मोजणी सुरू झाली की अकराव्या घराचा आकडा यादीशी जुळणार नाही आणि सर विचारतील. आणि चारच महिने तर आहेत.

"काही नाही," ती म्हणाली. "खिळे दे."

ताईनं खिळे दिले. जाळी बसली. ताईनं त्या चादरीची घडी घालून ती कपाटाच्या तळाशी ठेवली आणि बादली पालथी घातली. "सुटले बाई," ती म्हणाली.

पहिल्या महिन्यात लेपाच्या घरांतलं शिसं निम्म्यावर आलं. बिनलेपाच्या घरांतलं जवळपास होतं तेवढंच राहिलं. फक्त एक घर वेगळं वागत होतं. अकराव्या घराची रेघ वर चढत होती. प्रयोगाआधी ते रांगेतलं सगळ्यात स्वच्छ घर होतं. दीड महिन्यात ते सगळ्यात वाईट झालं. कारण शोधायला धाकटीला पडद्यासमोर बसायची गरज नव्हती. बाकीच्यांनी खिडकीवर कधी काही लावलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही गेलं नव्हतं. ताईचं गेलं होतं. शिवाय ताई आता खिडकी दिवसभर सताड उघडी ठेवत होती. बहिणीनं बनवलेली जाळी होती ना.

ती सरांकडे गेली. सरांनी तिला बसवलं, चहा मागवला, बिस्किटं पुढे केली. तिनं सगळं सांगितलं. झाक ओळखल्याचं सोडून सगळं.

"तिथे माझी भाची आहे, सर. चार वर्षांची."

"भाची म्हणू नकोस," सर म्हणाले. "घर क्रमांक अकरा म्हण. बघ, लगेच हलकं वाटेल."

"पण आकडा तिप्पट झालाय."

"तेच तर सुंदर आहे. लोकांना वाटलं आपण सुरक्षित आहोत आणि त्यांनी काळजी घेणं सोडलं. हे आपण मांडलंच नव्हतं. पेपरमध्ये याला वेगळा परिच्छेद जाईल." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "तू आज ताईला सांगितलंस तर ती शेजारणीला सांगेल. उद्या चोवीसही घरांत ओली फडकी. साडेतीन वर्षं गेली तुझी. आणखी साडेतीन मी तुला देऊ शकणार नाही, बाळ. निधी संपतोय. राहिलेत दहा आठवडे."

धाकटीनं चहा संपवला आणि आभार मानून बाहेर पडली.

त्या दहा आठवड्यांत ती पाच वेळा चकती बदलायला ताईकडे गेली. ताई तिला जेवल्याशिवाय सोडत नसे. भाऊजी खिडकीपाशी उभे राहून छाती भरून श्वास घेऊन दाखवत. "डोंगरावरची हवा," ते म्हणत. "भाडं वाढवतील आता." दुसऱ्या खेपेला तिनं पाहिलं, ताईनं मुंगीची गादी कोपऱ्यातून उचलून खिडकीखाली आणली होती.

"तिथे कशाला?" धाकटीनं विचारलं.

"घरातली सगळ्यात चांगली हवा तिथे ना?"

"हलव ती, ताई."

"का?"

धाकटीचं तोंड उघडलं. आत शब्द होते. "ऊन लागेल तिला," ती म्हणाली.

ताई हसत सुटली. "अगं, चार वर्षं पोरगी तळघरात वाढल्यासारखी वाढली. लागू दे की ऊन!"

धाकटीनं पुन्हा तो विषय काढला नाही. एवढा एकच प्रयत्न तिनं केला, आणि पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला त्याचीच आठवण करून देत राहिली.

चौथ्या खेपेला मुंगी गादीवर बसून होती. पोट दुखतं म्हणाली. धाकटीनं तिला आकडे म्हणायला सांगितले. मुंगी नऊवर अडली, तेरावर गेली, पुन्हा नऊवर आली आणि चिडून रडायला लागली. "आळशी झालीय हल्ली," ताई म्हणाली. "चिडचिड तर विचारू नकोस." धाकटीनं डबीतली जुनी चकती काढली, नवी घातली, झाकण लावलं आणि वहीत तारीख लिहिली.

मुदत संपली. रक्ताचे अहवाल आले. शेजारच्या दहाव्या घरातला मुलगा मुंगीच्याच वयाचा होता, दोघं एकाच मातीत खेळायची. त्याच्या रक्तातल्या शिशाचा आकडा अकरावरून सातवर आला होता. मुंगीचा नऊवरून एकतीसवर गेला होता. ताई आणि भाऊजी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला.

"औषध द्या," भाऊजी म्हणाले. "काय लागेल ते द्या."

"औषध पंचेचाळीसच्या वर देतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याखाली फायद्यापेक्षा त्रास जास्त. घरातली धूळ थांबवा, नीट खाऊ घाला."

"म्हणजे ती औषधाइतकी आजारी नाही?"

"नाही."

"मग बरी होईल?"

डॉक्टरीणबाईंनी मुंगीच्या हातातला पेन हळूच काढून घेतला. "रक्तातलं कमी होईल," त्या म्हणाल्या. "जे हाडात आणि डोक्यात बसलं ते बसलं."

तोपर्यंत ताईला वाटत होतं की दोष जाळीचा. लेप चालला नसेल, बिचारीची मेहनत वाया गेली असेल. तिनं धाकटीला फोन करून धीरसुद्धा दिला. "पुढच्या वेळी जमेल गं," ती म्हणाली. "आम्ही पुन्हा चादर लावलीय. तू मनाला लावून घेऊ नकोस." धाकटीनं मनाला लावून घेणार नाही असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठानं रांगेतल्या लोकांना बोलावलं. सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. गोड सरांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, एक खाली जाणारी, एक नाही जाणारी, आणि दोन्हीतलं अंतर किती मोठं आहे ते सांगितलं. मग ते म्हणाले की ज्या बारा घरांनी तुलनेसाठी साधी जाळी वापरली त्यांचे विज्ञानावर विशेष उपकार आहेत, आणि त्यांना आज लेपाची जाळी भेट मिळणार आहे. एकेक आकडा पुकारला जाऊ लागला. अकरा म्हटल्यावर ताई उठली नाही. भाऊजींनी तिला कोपरानं ढोसलं.

ताईनं गुंडाळी घेतली, तिथेच उलगडली आणि चिमटीत धरून उजेडाला तिरपी केली. जाळीवर निळसर झाक आली. ती व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या धाकटीकडे चालत गेली.

"ही वेगळी आहे," ती म्हणाली. आवाज साधाच होता, दुकानात विचारावं तसा.

"हो."

"तू बसवलीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"यादी सरांकडे होती, ताई. आम्हाला कुणालाच—"

"यादीचं नाही विचारलं. तू ती जाळी अशीच धरली होतीस, स्टुलावर. मी खाली खिळे घेऊन उभी होते. कापडाची सुलट-उलट बघायला तुला मी शिकवलंय, आठ-नऊ वर्षांची होतीस. तुला दिसलं की नाही?"

आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या. बाराव्या घराला गुंडाळी मिळत होती.

"नाही दिसलं," धाकटी म्हणाली.

 ताईनं गुंडाळी तिच्या हातात ठेवली, मुंगीला कडेवर घेतलं आणि भाऊजींना म्हणाली, "चला."

घरी गेल्यावर ताईनं ते संमतीपत्र पहिल्यांदा वाचलं. चष्मा लावून, सहाही पानं, बोट फिरवत. तिसऱ्या पानावरची सातवी ओळ तिनं भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवली. भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा काही विनोद केला नाही. नंतर एवढंच म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं."

ताई विद्यापीठाच्या समितीकडे गेली. समितीत पाच माणसं होती, सगळी सभ्य. त्यांनी सह्या तपासल्या. सहा पानं, सहा सह्या. "सगळं नियमात आहे, बाई," त्यांनी सांगितलं. पण ताईला पाचव्या पानावर आणखी एक ओळ सापडली होती : सहभागी व्यक्ती आपली माहिती केव्हाही मागे घेऊ शकते. ती बिनलेपाच्या बाकीच्या अकराही घरांत गेली. सही करा म्हणून ज्या दारांत उभी राहिली होती, त्याच दारांत उभी राहून तिनं आधी माफी मागितली. एका बाईनं तिच्या तोंडावर दार लावलं. तरी तिचं धरून नऊ घरांनी अर्ज लिहून दिले. बारांतली नऊ गेली तर तुलना कशाशी करणार? पेपर कोसळला असता, आणि धाकटीची पदवीही.

सरांनी धाकटीला बोलावलं. पुन्हा चहा, पुन्हा बिस्किटं.

"ती ओळ पूर्ण वाच," ते म्हणाले. "'जोपर्यंत माहिती कोणाची हे ओळखता येतं तोपर्यंत.' कुठल्या चकत्या आणि कुठलं रक्त कुठल्या घरातलं, ही नोंद तुझ्याकडे आहे. ती असेपर्यंत त्यांचा हक्क. अर्ज माझ्या टेबलावर सोमवारी येतील. आज शुक्रवार." मग ते म्हणाले, "तुझ्यावर काही सक्ती नाही, बाळ. वाटल्यास ताईशी बोलून बघ."

शनिवारी सकाळी ती ताईकडे गेली. ओली चादर खिडकीवर पुन्हा टांगलेली होती, खोलीत दिवा होता. ताई यंत्रावर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"ताई, अर्ज मागे घे. मुंगीचं जे झालं ते आता परत येणार नाहीये. पण यानं माझं सगळं जाईल. चार वर्षं गेली माझी."

यंत्र थांबलं.

"चार का?" ताई म्हणाली. "मुंगीचीही चारच होती."

"मी मुद्दाम नाही केलं."

"खिडकीवरची चादर कुणी काढायला लावली?"

"तो नियम होता."

"स्टुलावरून पिशवीकडे बघत होतीस. तिच्यात दुसरी जाळी होती की नाही?"

धाकटीनं टांगलेल्या चादरीकडे नजर वळवली. ताईला तेवढं पुरलं.

"तू लहानपणी आजारी पडलीस ना, न्यूमोनिया," ताई म्हणाली, "तेव्हा एक बाई म्हणाली होती, हिला अनाथाश्रमात टाक, तुझं तरी भलं होईल. मी तिला झाडूनं हाकललं. बरोबर बोलत होती ती."

धाकटी उठली. रांगेतून चालताना तिला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि रागानं तिला बरं वाटत होतं. विद्यापीठात शनिवारी शुकशुकाट होता. ती संगणकापाशी बसली, नोंद उघडली, चोवीस ओळी वाचल्या. अकराव्या ओळीत ताईचं नाव होतं आणि खाली मुलाच्या रकान्यात मुंगीचं खरं नाव, तिनं स्वतः टंकलेलं. तिनं नोंद पुसली. मग दुसऱ्या संगणकावरची पुसली. मग वहीतली पानं फाडून लॅबच्या भट्टीत टाकली. त्या भट्टीला शिसं ज्या उष्णतेला वितळतं तिच्या दुप्पट तापायची सवय होती. कागदाला क्षणही लागला नाही.

सोमवारी अर्ज आले. सरांनी प्रत्येकाला स्वतःच्या सहीनं उत्तर पाठवलं : आपली माहिती आता ओळखता येत नसल्यानं ती वेगळी काढणं शक्य नाही, याचा आम्हाला खेद वाटतो.

पेपर छापून आला. त्यात तो वेगळा परिच्छेदही होता, आणि धाकटीचं नाव पहिलं होतं. कारखान्याच्या मालकानं तो चौकटीत घालून कचेरीत लावला. धुराड्यावर गाळणी बसवायची नोटीस त्याला दोन वर्षांपूर्वीच आली होती. त्यानं आता कळवलं की सर्व घरांना विद्यापीठानं प्रमाणित केलेली जाळी असल्यानं गाळणीची निकड राहिलेली नाही. अधिकाऱ्यांना ते पटलं. सुंठीवाचून खोकला गेला. धाकटीला पदवी मिळाली, त्याच विभागात नोकरी मिळाली, बसायला स्वतःची खोली मिळाली. ताईनं घर सोडलं. भाऊजींनी काम सोडलं. कुठे गेले ते रांगेत कुणी धाकटीला सांगितलं नाही. काहींना माहीत नव्हतं, उरलेल्यांनी थुंकून विषय बदलला.

तीन वर्षांनी, दुसऱ्या एका शहरात व्याख्यानाला गेली असताना, धाकटीनं एका अरुंद रस्त्यावर काचेआडून ती पाठ ओळखली. दुकान छोटं होतं, एक यंत्र, एक आरसा, भिंतीवर कापडाचे तुकडे. भाऊजी नव्हते. ताईचे केस पिकले होते. जमिनीवर सात वर्षांची मुलगी डब्यातली बटणं आकाराप्रमाणे लावत होती. एक उचलायची, बघत राहायची, ठेवायची, पुन्हा तेच उचलायची.

धाकटी आत गेली. ताईनं मान वर केली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"या," ती म्हणाली. "काय शिवायचंय?"

"ताई."

"बसा. पाणी घेता?"

तिनं खरंच पाण्याचा पेला आणून पुढे ठेवला. धाकटीनं तो तसाच राहू दिला. ती भरभर बोलू लागली : तिच्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, अशा मुलांसाठीची शाळा आहे, सगळं ती बघेल, फक्त ताईनं पाठवावं. तिनं पत्ता लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. ताईनं तो घेतला, वाचला, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.

"शाळेत पाठवेन," ती म्हणाली. "त्यात माझा मानापमान नाही. तिचा फायदा होईल तिथे पाठवेन. पण तुम्ही तिथे यायचं नाही."

मुलीनं वर पाहिलं. "आई, या कोण?"

"गिऱ्हाईक आहेत."

"मुंगी," धाकटी गुडघ्यावर बसली, "मला ओळखलंस? मी तुझी—"

"उठा," ताई म्हणाली. तेवढ्या एका शब्दानं धाकटी उठली, लहानपणी उठायची तशी. ताई तिच्याजवळ आली आणि खालच्या आवाजात, गिऱ्हाइकाला माप सांगावं इतक्या सरळपणे म्हणाली, "आईला भावंडं नाहीत, असं तिला शिकवलंय मी. सहा महिने लागले ते डोक्यात बसायला. तिच्या डोक्यात फार थोडं राहतं. राहिलंय तेवढं राहू द्या."

धाकटी बाहेर आली. तिचं व्याख्यान अकरा वाजता होतं. घरांतली हवा मोजताना लोकांचा विश्वास कसा मिळवावा, असा विषय होता. ती वेळेवर पोहोचली आणि व्याख्यान चांगलं झालं.